स्मार्ट स्विच मागवला, पण तुमच्या बोर्डात न्यूट्रल आहे का?

ऑनलाइन सेल लागला की स्मार्ट स्विचच्या ऑफर्स दिसायला लागतात. जाहिरातीत हे काम दोन मिनिटांचं असतं. जुना स्विच काढा, नवा बसवा, मोबाईलवर ॲप टाका आणि सोफ्यावरून न उठता दिवा लावा. प्रत्यक्षात पार्सल घरी येतं, इलेक्ट्रिशियन बोर्डाचे स्क्रू काढून आत डोकावतो आणि म्हणतो, "यात न्यूट्रल नाहीये." त्यानंतर तो एकतर स्विच परत पाठवायला सांगतो, नाहीतर म्हणतो, "थांबा, काहीतरी जुगाड करतो."

हा जुगाड नेमका काय असतो? तो करू द्यावा का? आणि मुळात स्विच बदलायला न्यूट्रल कशाला लागतो?

याची उत्तरं प्रत्येक घरात थोडी वेगळी असतात. घोडबंदरचंच बघा. घोडबंदर म्हटलं की बहुतेकांना ठाण्याच्या रस्त्यावरचं ट्रॅफिक आठवतं, पण ज्या गावावरून आणि किल्ल्यावरून त्या रस्त्याला नाव मिळालं ते खाडीकाठचं घोडबंदर मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येतं. मीरा-भाईंदरमध्ये अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर वीज देतात, आणि त्याच रस्त्याने ठाण्याच्या बाजूला गेलं की महावितरण. अशा भागात टॉवरमधला नवा फ्लॅट, तीसेक वर्षं जुनी चार मजली बिल्डिंग आणि गावठाणातलं बैठं घर एकमेकांपासून फार लांब नसतं. वीज सगळीकडे तीच, २३० व्होल्टची. पण भिंतीच्या आतलं वायरिंग ज्या काळात आणि ज्याच्या हाताने झालं, तसं असतं. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत संपते. त्याच्या पुढची प्रत्येक तार तुमची.

साधा स्विच काय करतो?

घरात तीन प्रकारच्या तारा येतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून ती परत जाते आणि अर्थिंग एरवी रिकामी बसलेली असते. फ्रिजच्या किंवा गीझरच्या बॉडीत चुकून करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाट मिळावी, एवढंच तिचं काम.

साधा स्विच यातल्या फक्त फेजला हात लावतो. बोर्डात आलेली फेज स्विचच्या एका टोकाला जोडतात. दुसऱ्या टोकापासून निघालेली तार दिव्याकडे जाते. इलेक्ट्रिशियन या दुसऱ्या तारेला 'हाफ' म्हणतात, कारण स्विच चालू असेल तेव्हाच तिच्यात फेज असते. दिव्याची न्यूट्रल तार या सगळ्यात कुठेच येत नाही. म्हणजे साध्या स्विचला दोनच तारा पुरतात. तो फाटकासारखा आहे, उघडला की वीज जाते, बंद केला की थांबते. त्याला स्वतःला वीज लागत नाही.

स्विच नेहमी फेजवरच असावा, न्यूट्रलवर नको, हा नियम भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच होता. तरी काही जुन्या घरांत उलटं जोडलेलं सापडतं. दिवा लागतो-विझतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण तिथे स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज हजर असते आणि बल्ब बदलताना शॉक बसतो. स्मार्ट स्विचच्या निमित्ताने बोर्ड उघडलाच, तर ही गोष्ट आधी तपासून घ्यावी.

स्मार्ट स्विचला न्यूट्रल का लागतो?

स्मार्ट स्विच म्हणजे छोटा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला रिले. मोबाईलवरून येणारा निरोप ऐकायला त्यातलं वाय-फाय चोवीस तास जागं असावं लागतं. दिवा बंद असला तरी स्विच चालू असतो! तो चालायला वीज लागते आणि वीज वाहायला येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही वाटा लागतात. फेज बोर्डात असतेच. परतीची वाट म्हणजे न्यूट्रल, आणि ती बोर्डात असेलच असं नाही.

चांगली बातमी ही की आपल्याकडच्या बऱ्याच बोर्डांत ती असते. आपल्याकडे एकाच बोर्डावर चार-पाच स्विच, पंख्याचा रेग्युलेटर आणि एखादा प्लग पॉइंट असं सगळं एकत्र बसवायची पद्धत आहे. प्लगला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही लागतात. म्हणून साधा ठोकताळा असा: ज्या बोर्डावर तीन पिनचा प्लग आहे, त्या बोर्डात न्यूट्रल आहे. वीज आहे हे दाखवणारा लाल इंडिकेटर असेल, तरी न्यूट्रल आहे. नुसता रेग्युलेटर असेल तर मात्र काही सांगता येत नाही, कारण त्याला न्यूट्रल लागत नाही.

अडचण येते ती एकेकट्या स्विचवर. बाथरूमबाहेरचा दिव्याचा स्विच, दाराबाहेरचं बेलचं बटण, जिन्याच्या वरचा आणि खालचा टू-वे स्विच, पलंगाच्या उशाशी असलेला दुसरा स्विच. इथे इलेक्ट्रिशियनने फक्त फेज आणि हाफ खाली आणलेली असते. न्यूट्रल वरच्या वर, छताजवळच्या जॉइंट बॉक्समधून थेट दिव्याला गेलेली असते. त्या काळात कुणाला कल्पनाच नव्हती की एके दिवशी स्विचलाही वीज लागेल.

रंगावर विश्वास ठेवायचा का?

आपल्याकडे रूढ पद्धत अशी: फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. तीन फेज असतील तर लाल, पिवळी आणि निळी. उपकरणांच्या वायरीत मात्र फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळी असते, म्हणजे निळा रंग एका ठिकाणी फेज आणि दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल. गोंधळ व्हायला एवढंच पुरे. त्यात काम चालू असताना लाल वायरचं बंडल संपलं की हाताला लागेल त्या रंगाची वायर ओढली जाते. काळी तार हाफ म्हणून वापरलेली दिसणं अजिबात दुर्मीळ नाही. रंग हा अंदाज आहे, पुरावा नाही.

मग टेस्टर? स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर फेजवर पेटतो, हे खरं. पण तो न्यूट्रलवर पेटत नाही आणि अर्थिंगवरही पेटत नाही. तुटलेल्या, कुठेच न जोडलेल्या तारेवरही तो बऱ्याचदा पेटत नाही. म्हणजे "टेस्टर पेटला नाही, म्हणून ही न्यूट्रल" हा निष्कर्ष चुकीचा आहे. टेस्ट लॅम्पचंही तसंच. फेज आणि अर्थिंगच्या मध्ये धरला तरी तो लागतो. न्यूट्रल ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे वीज पूर्ण बंद करून ती तार डीबीपर्यंत, म्हणजे एमसीबी असतात त्या पेटीपर्यंत, मीटरने शोधत नेणं. याला वेळ लागतो, म्हणून ते टाळलं जातं.

तो जुगाड: अर्थिंगलाच न्यूट्रल बनवणं

आता सुरुवातीच्या जुगाडाकडे. बोर्डात न्यूट्रल नाही, पण हिरवी अर्थिंगची तार आहे. स्मार्ट स्विचची न्यूट्रलची पिन तिला जोडली की स्विच मस्त चालू होतो. वाय-फाय पकडतो, ॲपवर दिसतो, दिवा लागतो. सगळे खूश.

यातला धोका नेमका कुठे आहे, ते आकड्यांनी बघू. समजा स्मार्ट स्विच स्वतःसाठी १ वॅट वापरतो. २३० व्होल्टवर १ वॅट म्हणजे साधारण ४ मिलीअँपिअर. एवढा करंट आता अर्थिंगमधून सतत वाहतोय. घरात आरसीसीबी असेल, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबीच म्हणतात, तर तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघत असतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरच्या फरकाला पडायलाच हवा, आणि प्रत्यक्षात तो त्याच्या थोडा आधीही पडू शकतो. एका स्विचचे ४ मिलीअँपिअर त्याला जाणवत नाहीत. म्हणून पहिला स्विच बसवल्यावर काहीच बिघडत नाही आणि जुगाड यशस्वी ठरतो. मग हॉलमध्ये बसतो, बेडरूममध्ये बसतो. सात-आठ झाले की एक दिवस आरसीसीबी विनाकारण पडायला लागतो. पावसाळ्यात जास्तच, कारण ओलाव्याने गळणारा थोडा करंट त्यात मिसळतो.

आणि इथे दुसरी चूक होते. "हा सारखा पडतो" म्हणून आरसीसीबीच काढून टाकला जातो.

यात सगळ्यात वाईट शक्यता वेगळीच आहे. अर्थिंगची तार कुठेतरी तुटली किंवा तिचं टोक गंजून सुटलं तर? खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत हे होणं सोपं आहे. तांब्यावर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात. अर्थिंग तुटल्याचं घरात कुणाला कळतही नाही, कारण दिवे-पंखे तिच्याशिवाय चालतात. पण आता त्या तारेवर स्मार्ट स्विचमधून आलेली फेज बसलेली आहे, तिला जमिनीत जायला वाट नाही, आणि तीच तार फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर यांच्या धातूच्या बॉडीला जोडलेली आहे. ओल्या हाताने मशीनला हात लावला की हातात झिणझिण्या येतात. एकाच्या जागी दहा स्विच असतील, किंवा कुणी दिव्याची न्यूट्रलही अर्थिंगवरच टाकली असेल, तर प्रकरण झिणझिण्यांवर थांबेलच असं नाही. जी तार शॉकपासून वाचवायला टाकली होती, तीच शॉक घराघरात पोहोचवते.

म्हणून इलेक्ट्रिशियनने हिरव्या तारेकडे हात नेला, तर त्याला तिथेच थांबवा. "चालतंय ना" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

मग शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल ओढली तर?

अर्थिंगपेक्षा हे बरं, पण तीही न्यूट्रल त्याच सर्किटची असली पाहिजे. मोठ्या फ्लॅटमध्ये दिव्यांची दोन-तीन सर्किट वेगळी असतात. काही घरांत थ्री-फेज कनेक्शन असतं आणि खोल्या वेगवेगळ्या फेजवर वाटलेल्या असतात. हॉलची फेज आणि बेडरूमची न्यूट्रल अशी जोडी लावली, तर दोन गोष्टी होतात. दोन्ही सर्किटना वेगळे आरसीसीबी असतील तर ते लगेच पडतात, कारण एकातून गेलेला करंट दुसऱ्यातून परत येतो. ९ वॅटच्या एका एलईडीचा करंटच ४० मिलीअँपिअरच्या आसपास जातो, त्यामुळे एक दिवा पुरतो. आणि वेगळे आरसीसीबी नसतील, तर धोका लपून राहतो. पुढे कधीतरी कुणी बेडरूमचा एमसीबी पाडून तिथे काम करायला बसेल आणि 'मेलेल्या' न्यूट्रलमधून हॉलचा करंट वाहत असेल. त्याने तो जॉइंट उघडला की शॉक.

योग्य मार्ग एकच आहे: त्याच सर्किटच्या बोर्डापासून किंवा डीबीपासून नवी न्यूट्रल तार ओढणं. कन्सील्ड वायरिंगमध्ये पाइपमध्ये जागा असेल तर ती जुन्या तारांसोबत ओढता येते. जुन्या घरात भिंतीवरून पट्टी टाकावी लागते. ती थोडी कुरूप दिसते, पण चालेल.

'नो न्यूट्रल' लिहिलेले स्विच काय असतात?

बाजारात न्यूट्रलशिवाय चालणारे स्मार्ट स्विचही मिळतात. ते परतीची वाट दिव्यातूनच काढतात. दिवा बंद असतानाही ते अगदी थोडा करंट दिव्यातून जाऊ देतात आणि त्यावर स्वतः जिवंत राहतात. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जमान्यात ही युक्ती छान चालली असती. तेवढ्या करंटने फिलामेंट तापतसुद्धा नाही. पण २०१५ मध्ये 'उजाला' योजना आली, एलईडी स्वस्त झाले आणि घराघरातले ते बल्ब गेले.

एलईडीच्या पोटात एक छोटं सर्किट आणि कपॅसिटर असतो. बंद स्विचमधून झिरपणारा करंट तो हळूहळू साठवतो, पुरेसा साठला की दिवा क्षणभर चमकतो आणि पुन्हा विझतो. रात्री झोपायच्या खोलीत दर काही सेकंदांनी लुकलुकणारा दिवा बघून घरात भूत शिरल्याची शंका येऊ शकते. काही दिवे लुकलुकत नाहीत, पण मंद प्रकाश देत राहतात. यावर उपाय म्हणून अनेक कंपन्या सोबत एक छोटा कपॅसिटर देतात. तो स्विचपाशी नाही, तर दिव्यापाशी, होल्डरच्या दोन तारांमध्ये जोडायचा असतो. झिरपणारा करंट मग दिव्याऐवजी त्याच्यातून जातो. डबीत आलेला तो तुकडा 'एक्स्ट्रा पार्ट' समजून फेकू नका.

अशा स्विचवर दिवा बंद दिसत असला तरी होल्डर पूर्ण मेलेला नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. बल्ब बदलताना एमसीबी पाडायचा.

एमसीबी पाडला म्हणजे वीज गेली?

नेहमी नाही. एकाच बोर्डात दोन सर्किटच्या तारा असू शकतात. दिवे एका एमसीबीवर आणि मोठा प्लग दुसऱ्यावर. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर गोष्ट आणखी वेगळी. मेन स्विच बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानदारीने आपलं काम सुरू करतो. दिवे-पंख्यांच्या तारांत पुन्हा २३० व्होल्ट. मेन बंद करून निर्धास्त बोर्ड उघडणाऱ्यांना इथेच शॉक बसतो. आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून बंद करायचा, मग मेन, आणि बोर्ड उघडल्यावर प्रत्येक तारेला टेस्टर लावून बघायचा. टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगमध्ये घालून तो स्वतः चालतोय ना, हेही तपासायचं.

गीझर, एसी आणि पंखा

स्मार्ट स्विचवर किती अँपिअरचा आहे ते लिहिलेलं असतं. दिव्यांना हा आकडा बघायची फारशी गरज पडत नाही. गीझरला पडते. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३. बोर्डामागे लपवायचे काही छोटे मॉड्यूल १० अँपिअरचे असतात. त्यावर ३००० वॅटचा गीझर लावला तर रिलेचे पॉइंट तापतात, चिकटतात आणि ॲपवर 'बंद' दाखवत असताना गीझर चालूच राहतो. बंद बोर्डात, प्लास्टिकच्या मागे, तारांच्या गर्दीत ही उष्णता कोंडते. एसी सुरू होताना त्याचा कॉम्प्रेसर क्षणभर बराच जास्त करंट ओढतो, त्यामुळे तिथे १६ अँपिअरचा मॉड्यूलही कमी पडू शकतो. एसी आणि गीझरसाठी वेगळे, जास्त क्षमतेचे स्मार्ट स्विच मिळतात, नाहीतर मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टर चालवायचा आणि मोठा करंट कॉन्टॅक्टरला सांभाळू द्यायचा.

पंख्याचा स्पीड मोबाईलवरून बदलायचा असेल तर पंख्यासाठीचाच मॉड्यूल लागतो आणि तो बसवल्यावर जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढावा लागतो. दोन्ही एकामागे एक ठेवले की पंखा घरघरतो. बीएलडीसी पंखा असेल तर त्याला कुठलाच रेग्युलेटर किंवा डिमर नको. त्याच्या आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि त्याला सलग, पूर्ण वीज लागते. त्यावर स्मार्ट स्विच लावून भिंतीवरून बंद केला, तर पंख्याचा रिमोट चालत नाही. असा पंखा घेतला असेल तर स्मार्ट स्विचचे पैसे वाचवलेलेच बरे.

हे काम कुणी करायचं?

इथे कायद्यात एक गमतीशीर रेषा आहे. १९५६ च्या नियमांपासून चालत आलेली आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही राहिलेली तरतूद सांगते की वायरिंगमध्ये भर घालणं, बदल करणं किंवा दुरुस्ती करणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे. अपवाद फक्त दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या कामांचा, आणि तोही वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. म्हणजे न्यूट्रल असलेल्या बोर्डात स्विच काढून स्विच बसवणं या अपवादात बसेल. पण नवी न्यूट्रल ओढायची असेल, सर्किट वेगळं करायचं असेल, तर ते ठेकेदाराचं आणि त्याच्याकडच्या वायरमन परवाना असलेल्या माणसाचं काम. सोसायटीच्या वॉचमनचा ओळखीचा मुलगा पटकन येतो आणि कमी पैसे घेतो, हे खरं आहे. त्याला परवाना विचारायला संकोच वाटतो, हेही खरं आहे. विचारा.

ऑर्डर देण्याआधी त्याच माणसाला एकदा बोर्ड उघडून दाखवायला सांगा आणि आतल्या तारांचा फोटो काढून ठेवा. न्यूट्रल आहे का, बोर्डाच्या डब्यात मॉड्यूल मावायला खोली आहे का, डबा लोखंडी आहे का, हे तीन प्रश्न त्या फोटोतून सुटतात. लोखंडी डब्यात वाय-फायचा सिग्नल अडतो. टू-वे स्विच असेल तर तेही आधीच सांगा, कारण त्याला चालणारे मॉड्यूल वेगळे असतात.

वीज वाचेल म्हणून स्मार्ट स्विच घ्यायचा विचार असेल, तर हिशोब असा आहे. अर्धा वॅट खाणारा एक स्विच महिन्याला साधारण ०.३६ युनिट घेतो. असे दहा लावले तर साडेतीन युनिटच्या वर, तेही एकही दिवा न लावता. बाहेर गेल्यावर चालू राहिलेला गीझर मोबाईलवरून बंद करता आला, तर हे युनिट वसूल होऊ शकतात. रोज दिवे आठवणीने बंद करणाऱ्या घरात ते कधीच वसूल होत नाहीत.

आणि बसवून झाल्यावर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट बघा. लाईट जाऊन परत आल्यावर स्विचने काय करायचं: चालू व्हायचं, बंद राहायचं की आधी होतं तसं? दिव्यांसाठी काहीही ठेवा. गीझरसाठी मात्र 'बंद' ठेवा, कारण लाईट दुपारी दोन वाजता येते आणि तेव्हा घरी कुणी नसतं.